शुश्रूषागृह : एका शब्दाचे वाचन

संस्कृतात धातूला 'सन्' प्रत्यय लागला की बहुधा 'ते करण्याची इच्छा' असा अर्थ निघतो. ज्ञा धातूपासून जिज्ञासा, म्हणजे जाणण्याची इच्छा. पा धातूपासून पिपासा, म्हणजे पिण्याची इच्छा. 'शुश्रूषा' हा शब्द त्याच घराण्यातला. धातू श्रु, म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. जो ऐकू इच्छितो तो गुरूच्या पायाशी बसतो, म्हणून पुढे आज्ञाधारकपणा, आणि आज्ञाधारकपणातून सेवा, असा या शब्दाचा प्रवास झाला. मनुस्मृतीने शूद्रास जे एकमेव कर्म नेमून दिले ते इतर वर्णांच्या शुश्रूषेचे, हे ध्यानात घेतले की ऐकण्याची जबाबदारी कुणी कुणावर ढकलली होती तेही कळते. मराठीत येईतो मात्र या शब्दातले ऐकणे साफ पुसले गेले. आज 'रुग्णाची शुश्रूषा' म्हटले की डोळ्यांपुढे येते ती पट्टी बदलणारी, पाठ पुसणारी, वेळच्या वेळी गोळी देणारी बाई. तिने ऐकावे अशी अपेक्षा कुणी करीत नाही, आणि तिचे कुणी ऐकावे अशी तर नाहीच नाही.

'चिकित्सा' या शब्दातही हाच प्रत्यय आहे. वैद्य रोगाची चिकित्सा करतो आणि आपण संहितेची. साहित्याच्या वर्गात वावरणाऱ्यांना हे नाते नवे नाही. तेव्हा या पानांवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील शुश्रूषागृहांची पारख कशी करावी, असा विषय आम्ही काढला, तर वाचकांनी दचकू नये. पारख करणे म्हणजे वाचणेच. शिवाय या विषयात आपल्या साहित्याच्या पदरी थोडा दोषही आहे. त्याकडे पुढे येऊच.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्या गावांत 'नर्सिंग होम' म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय: पहिल्या मजल्यावर, दहा-पंधरा खाटांचे, बाळंतपणे आणि अपेंडिक्सच्या शस्त्रक्रिया करणारे. इंग्लंड-अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना सांभाळणारी संस्था असा होतो. लंडनहून आलेला पुतण्या 'काकांना नर्सिंग होममध्ये ठेवू या' म्हणतो आणि बदलापूरच्या काकू 'त्यांना झालंय काय?' असे विचारतात, हा त्या घोळाचा परिणाम. पण कायद्याच्या भाषेत हा घोळ नाही. मुंबई प्रांताने १९४९ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला तो इंग्लंडच्या १९२७ च्या कायद्यावरून बेतलेला, आणि त्याच्या व्याख्येत तीन शब्द आहेत: आजार, इजा आणि 'इन्फर्मिटी', म्हणजे दुर्बलता, गात्रे थकल्याने येणारी असहायता. आजार, इजा वा अशी दुर्बलता असणाऱ्या माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार व शुश्रूषा होते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह. आपल्या व्यवहाराने पहिले दोन शब्द उचलले आणि तिसरा रस्त्यात सांडला.

१९४९ हे साल उल्हासनगरच्याही जन्माचे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. बराकींची गावठाणे झाली, पण पत्ता अजून 'कॅम्प नंबर तीन' असाच सांगितला जातो. ज्या वर्षी विस्थापितांचे एक शहर उभे राहत होते त्याच वर्षी शासन कागदावर लिहीत होते की दुर्बळ माणसाला ठेवून घेणारी जागा कशी असावी. शहर वाढत गेले आणि कायदा मागे पडला. आजच्या नियमांचे मूळ १९७३ चे. आणि सुनील नंदराज यांनी मुंबईतल्या खासगी रुग्णालयांच्या पाहणीवर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त १९९४ साली जो लेख लिहिला, त्यात दिसते ते असे की रुग्णालये बरीचशी राहत्या इमारतींत, काही तर झोपडवस्तीतल्या शेडमध्ये, आणि शिक्षित परिचारिका अगदी थोड्या. ही राजधानीची कथा. कल्याणपलीकडे काय असेल याचा तर्क वाचकांनी करावा.

कायद्यात नोंदणी नाकारण्याची कारणे दिली आहेत. त्यांतले एक कलम आम्हांला एखाद्या चांगल्या कवितेइतके घट्ट वाटते. जागेचे स्थान, बांधणी, आतील सोय, कर्मचारी आणि साधने, यांपैकी कशाच्याही कारणाने ती जागा अयोग्य असेल तर नोंदणी देऊ नये. यातला क्रम पाहा. साधने शेवटी आली आहेत. आपण मात्र पारख शेवटाकडून करतो: सोनोग्राफी कोणत्या कंपनीची, खोलीत एसी आहे का, दूरचित्रवाणी आहे का. स्थान आणि बांधणी यांविषयी कुणी अवाक्षर काढत नाही.

उल्हासनगरात बांधणीविषयी न बोलणे म्हणजे मुख्य गोष्टच टाळणे. बेकायदा ठरलेल्या ८५५ इमारती पाडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, आणि मग शासनाने केवळ या एका शहरासाठी, अनधिकृत बांधकामे नियमित करणारा २००६ चा कायदा केला. कागद नियमित झाले. स्लॅब होते तसेच राहिले. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने मोहिनी पॅलेस आणि साईशक्ती या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. साईशक्तीत वरच्या मजल्यापासून एकेक स्लॅब खालच्यावर पडत गेला आणि सात माणसे गेली. ती राहती घरे होती, रुग्णालये नव्हती, असे कुणी म्हणेल. पण या शहरातली अनेक रुग्णालयेही अशाच राहत्या-व्यापारी इमारतींत आहेत. ज्या इमारतीचा संरचनात्मक तपासणीचा दाखला सोसायटीला मिळत नाही तिच्या दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभाग चालतो, तेव्हा आतले व्हेंटिलेटर कितीही उत्तम असले तरी ती जागा कायद्याच्या त्या कलमात बसते का, हे कुणी विचारायचे?

आगीचेही तसेच. २०२१ हे वर्ष महाराष्ट्राने रुग्णालयांच्या आगींत काढले. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. मार्चमध्ये भांडुपला, एप्रिलच्या अखेरीस विरारला आणि लगोलग मुंब्र्याला, नोव्हेंबरात अहमदनगरला. विरारच्या अतिदक्षता विभागात पंधरा जण मेले. या सगळ्यांत भांडुपची आग आम्हांला वाचण्यासारखी वाटते. ते रुग्णालय एका मॉलच्या वरच्या मजल्यावर होते आणि आग मॉलमध्ये लागली. म्हणजे रुग्णालयाची सुरक्षितता केवळ रुग्णालयात नसते. ती खालच्या गाळ्यातही असते. उल्हासनगरात खालच्या गाळ्यांत काय असते? फर्निचर, फोम, कापडाचे तागे, जीन्सची शिलाई. तेव्हा रुग्ण दाखल करण्यापूर्वी डॉक्टरांची पदवी जरूर वाचावी, परंतु त्याआधी तळमजल्यावरील दुकानाची पाटीही वाचावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचा दाखला घेऊन द्यायचा असतो. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. तो मागून पाहावा. मागितला तर तोंडे वाकडी होतात, असा आमचा अनुभव आहे. आणि ती वाकडी तोंडेही एक प्रकारचा दाखलाच.

आता बदलापूर. इथे विषयाचा रंग पालटतो. दादर-गिरगाव-परळ येथल्या चाळी विकून आलेली, किंवा मुलांनी स्वस्त म्हणून घेऊन दिलेल्या सदनिकांत राहणारी एक पिढी या गावात म्हातारी झाली. मुले कर्जतच्या अलीकडे-पलीकडे नाहीत, ती बंगळुरात नाही तर न्यू जर्सीत. हवा बरी, जागा स्वस्त, लोकल आहे. म्हणून याच पट्ट्यात, बदलापूर-वांगणीपासून नेरळ-कर्जतपर्यंत, वृद्धांना सांभाळणाऱ्या जागा निघाल्या. काहींना वृद्धाश्रम म्हणतात, काहींना केअर सेंटर. काही धर्मादाय न्यास आहेत, काही सरळ भाड्याच्या बंगल्यात चालवलेले व्यवसाय. त्यांत चालते-फिरते वृद्ध असतात तसे पक्षाघाताने आडवे झालेले, स्मृतिभ्रंशाने नावगाव विसरलेले, नाकात नळी आणि लघवीला कॅथेटर असलेलेही असतात. १९४९ च्या कायद्यातला तो सांडलेला तिसरा शब्द जणू या बंगल्यांतच येऊन पडला आहे.

आणि या जागांची पारख करणारे कुणी नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, किमान दीडशे निराधारांसाठी, शासनाने उभारावा असे सांगितले. पण खासगी जागांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद आणू पाहणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक संसदेत पडून राहिले आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झाले. याच २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घातले: उतरते रॅम्प, रुंद दारे, न्हाणीघरात आधाराचे दांडे. चांगलेच झाले. पण यातून निघालेली विसंगती पाहा. ज्या वृद्धाला सदनिका विकत घेण्याची ऐपत आहे त्याच्या न्हाणीघरातल्या दांड्याला नियम आहे. ज्याला कुणीतरी महिन्याच्या पैशांवर एका बंगल्यात आणून ठेवले आहे त्याला रात्री पाणी कोण देते, याला नियम नाही.

असे का झाले असावे? कायदेकर्त्यांचा आळस हे एक उत्तर, पण ते पुरेसे नाही. आम्हांला वाटते, यात आपल्या नाटक-सिनेमांनी, कथाकवितांनी हातभार लावला आहे. १९७० च्या 'नटसम्राट'पासून, दळवींच्या 'संध्याछाया'पासून मराठी मनाने वार्धक्याकडे पाहिले ते मुलांच्या वर्तनाच्या आरशात. ती नाटके थोर आहेत आणि त्यांचा प्रश्न वेगळा होता. पण त्यांच्यामागून जे शेकडो प्रवेश, कथा, मालिका आल्या, त्यांत वृद्धाश्रम ही जागा उरलीच नाही. ती शिक्षा झाली. तिसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा बापाची ट्रंक उचलतो, फाटक दिसते, पार्श्वसंगीत वाजते, पडदा पडतो. फाटकाच्या आत काय आहे हे लेखकाने कधी पाहिलेले नसते, कारण फाटकाशी त्याचे काम संपलेले असते. तिथे किती संडास आहेत? रात्री किती माणसे कामाला असतात? जिना एक की दोन? रूपकाला संडास नसतात.

याची दुसरी बाजू म्हणजे पुण्यकार्याचे रूपक. वृद्धाश्रम काढणारा तो देवमाणूस. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर पान येते, शाल-श्रीफळ होते, लोक वाढदिवसाला तिथे जेवण देतात. पुण्यकार्याचा हिशेब कुणी मागत नाही. मागणारा कृतघ्न ठरतो. मुलाचे पाप आणि संस्थापकाचे पुण्य, या दोन भिंतींच्या मध्ये जी खोली आहे तिथे खाटेवर एक माणूस पडलेला आहे, आणि दोन्ही भिंती इतक्या उंच की तो दिसत नाही. ज्या मुलीने आईला तिथे ठेवले आहे ती आधीच अपराधी. तक्रार केली तर 'मग घरीच का नाही ठेवत?' हे उत्तर तयार असते. अपराधी माणूस चांगला परीक्षक होऊ शकत नाही.

आमच्या एका सहकारी बाईंच्या आईसाठी जागा शोधावी लागली तेव्हा आम्ही चार-पाच ठिकाणे हिंडलो. त्यांची नावे इथे देत नाही. एकाच पठडीतली इतकी आहेत की नाव दिल्याने एकावर अन्याय आणि इतरांची सुटका व्हायची. प्रत्येक ठिकाणी प्रथम आम्हांला कार्यालयात बसवले गेले आणि फोटोंचा अल्बम दाखवण्यात आला: दिवाळीचा फराळ, भजनी मंडळ, नगरसेवकांची भेट. आल्बमातले सगळे उभे वा बसलेले होते. आडवा माणूस एकाही फोटोत नव्हता. एका ठिकाणी बाईंनी विचारले, 'जे झोपूनच असतात त्यांची खोली पाहू का?' तेव्हा उत्तर मिळाले, 'ताई, ते मागे आहेत, तुम्हांला बघवणार नाही.' बाई म्हणाल्या, 'माझी आई तिथंच राहणार आहे ना?'

त्या 'मागच्या' खोल्यांत कसे वाचावे, याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. भिंतीवरचे दाखले, संकेतस्थळावरचे तारे आणि ओळखीच्यांची शिफारस, या सगळ्याला आम्ही पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराइतकेच मोल देतो. अमेरिकेत २००८ अखेरपासून सरकारच शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देते. पण कर्मचारी किती आणि रुग्णांची स्थिती काय याची माहिती बरीच वर्षे त्या संस्थाच स्वतः भरून देत होत्या, आणि त्यामुळे तारे वाढत गेले, असा आक्षेप तिथल्या वर्तमानपत्रांनी घेतला. लेखकानेच आपले परीक्षण लिहावे तसे ते. आव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेच्या दर्जाची तीन अंगे सांगितली: रचना, प्रक्रिया आणि फलित. अल्बम रचना दाखवतो. प्रक्रिया आणि फलित पाहायचे तर माणसाचे अंग पाहावे लागते.

अंगावर सगळे लिहिलेले असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी असा शुश्रूषेचा जुना दंडक आहे. नाही दिली तर माकडहाडापाशी, टाचांवर, नितंबाच्या बाजूला कातडी लाल होते, मग फुटते, मग हाडापर्यंत जखम जाते. यालाच सगळे बेडसोअर म्हणतात. डोळ्याला दिसणारी प्रत्येक जखम म्हणजे कुणीतरी न पाहिलेली एक रात्र. तेव्हा 'तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहेत, आणि त्यांतले किती इथे आल्यावर झाले?' हा प्रश्न विचारावा. चांगली जागा उत्तर देते, कारण तिथे वही असते. पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे की खिडकीत शोभेला ठेवलेला, हे पाहावे. घंटी आहे का, असली तर तिची दोरी उशीशी आहे की भिंतीवर गुंडाळून ठेवलेली? हाताच्या मनगटांवर वळ आहेत का? दुपारी तीन वाजता सगळेच्या सगळे गाढ झोपलेले असतील तर औषधांची वही मागावी. वजन महिन्याला होते का? कारण म्हातारा माणूस उपाशी आहे हे तो सांगत नाही, काटा सांगतो. आणि रात्री किती जणांना किती जण असतात. दिवसाचा आकडा ऐकू नये, रात्रीचाच विचारावा.

तिथेच त्या 'मावशी' भेटतात. वांगणीच्या, शेलूच्या, आसपासच्या पाड्यांवरच्या बायका, बारा-बारा तासांच्या पाळीवर. मनूने नेमलेली शुश्रूषा आजही तिच्याच वाट्याला आहे, फक्त आता तिला गणवेश आहे. शिक्षित परिचारिका कागदावर एक असते आणि मावश्या प्रत्यक्षात चार. आम्ही त्यांच्याविरुद्ध लिहीत नाही. उलट एखाद्या जागेची पारख करायची असेल तर मालकाशी दहा मिनिटे आणि मावशीशी अर्धा तास बोलावे, असे आमचे मत आहे. तिला पगार वेळेवर मिळतो का, तिला कुणी उचलण्याची रीत शिकवली का, तिची कंबर धरली तर सुट्टी मिळते का, आणि मुख्य म्हणजे खाटेवरच्या आजोबांना ताप आहे असे तिने सांगितले तर ते कुणी ऐकून घेते का. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील सोरगावच्या मातोश्री वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना करोनाची लागण झाल्याचे आढळले. त्यांतल्या बहुतेकांच्या दोन्ही लशी झालेल्या होत्या. आधी थोड्यांना बरे वाटेनासे झाले, मग सर्वांची तपासणी झाली आणि आकडा कळला. बंद घरात साथ किती पसरणार हे पहिला ताप कुणाच्या ध्यानात येतो आणि त्याचे म्हणणे किती लवकर वरपर्यंत पोचते यावर अवलंबून असते.

ऐकण्याला भाषाही लागते, आणि या तीन गावांत हा प्रश्न इतरत्र नाही इतका टोकदार आहे. फाळणीच्या वेळी आईच्या कडेवर आलेली सिंधी मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. स्मृतिभ्रंशात माणूस मागे मागे सरकतो. नंतर शिकलेल्या भाषा आधी गळतात, आईची भाषा शेवटी उरते. साठ वर्षे हिंदीत दुकान चालवलेला माणूस एके दिवशी केवळ सिंधीत बोलू लागतो. त्याची नातवंडे सिंधी समजतात पण बोलत नाहीत. त्याच्या उशाशी बसलेली मावशी ठाकरी बोलते. तो काहीतरी मागतो आहे. पाणी की बेडपॅन, हे कळेपर्यंत अंथरूण ओले होते, मग डायपर, मग 'फार त्रास देतात' असा शेरा. मराठी म्हाताऱ्यांचेही याहून वेगळे नाही. मालवणी बोलणाऱ्या आजीला 'अम्मा, खाना खा लो' म्हणणारी केअरटेकर प्रेमळ असेल, पण आजीला ती परदेशात आल्यासारखी वाटते. शुश्रूषागृहाच्या तपासणीच्या कागदात 'इथे राहणाऱ्यांची भाषा जाणणारा एक तरी माणूस प्रत्येक पाळीत आहे काय?' असा रकाना हवा. भाषेचे विद्यार्थी नाही तर हा रकाना दुसरे कोण सुचवणार?

स्थानाविषयी बदलापूर-अंबरनाथपुरते दोन शब्द. उल्हास नदीने २६ जुलै २००५ ला हे गाव बुडवले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांतून वायू पसरण्याचे प्रसंगही घडले, जून २०२१ मध्ये आणि सप्टेंबर २०२४ मध्ये. नदीकाठचा निसर्गरम्य बंगला पाहताना तळमजल्यावर किती जण आडवे आहेत आणि त्यांना वर कोण, किती मिनिटांत नेणार, हे विचारावे.

लहान रुग्णालयांचे चालक यावर एक आक्षेप घेतात, आणि तो आम्ही हलका मानत नाही. ते म्हणतात, नियम इतके कडक केले तर लहान नर्सिंग होमे बंद पडतील, मोठी साखळी-रुग्णालये येतील, आणि आमचा रुग्ण जाणार कुठे? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवलेले, सगळ्या जिल्ह्याचा भार एका ठिकाणी. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाची किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयाची पायरी चढलेल्यांना पुढे कळव्याला धाडले जाण्याचा अर्थ ठाऊक आहे. अशा वेळी कॅम्पमधल्या पहिल्या मजल्यावरचे, रात्री दोनला दार उघडणारे नर्सिंग होम हाच आधार असतो. हे खरे आहे. पण आधार आहे म्हणून तपासू नका, हे म्हणणे आम्हांला मान्य नाही. ज्या फांदीला माणूस लटकला आहे तीच आधी तपासायची असते. दुसऱ्या जिन्याचा खर्च लहान डॉक्टरला झेपत नसेल तर नगरपालिकेने कर्ज द्यावे, घरपट्टीत सवलत द्यावी. जिनाच माफ करू नये.

त्यात कारभाराची गंमत अशी की तीन गावांना लागून लागून स्थानके आहेत, पण देखरेख एकाची नाही. उल्हासनगरला महापालिका, म्हणून नोंदणी महापालिकेकडे. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिका, तिथली सूत्रे ठाण्यात बसणाऱ्या जिल्हा यंत्रणेकडे. बदलापूरच्या बंगल्यातल्या मागच्या खोलीपासून ठाणे फार लांब पडते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावण्याचे बंधन घातले. ती सनद कुठे दिसते, कुठे दिसत नाही, कुठे कुंडीमागे असते. आमची मागणी नवी नाही, १९४९ चीच आहे. ज्या जागेत अंथरुणाला खिळलेली माणसे पैसे घेऊन वा न घेता ठेवली जातात आणि त्यांना औषधपाणी केले जाते, ती व्याख्येतील तिसऱ्या शब्दानुसार शुश्रूषागृह मानावी, मग फाटकावर आश्रम लिहिलेले असो की केअर सेंटर. तिची नोंदणी व्हावी, तपासणी व्हावी, आणि तपासणीची तारीख व शेरा पालिकेच्या फलकावर लागावा. यासाठी संसदेतल्या मेलेल्या विधेयकाची वाट पाहण्याची गरज आम्हांला दिसत नाही.

या भागातल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, या जागांना भेट देतात. फळवाटप होते, गाणी होतात, फोटो निघतो, अहवाल जातो. आमची शिक्षकांना सूचना आहे की यंदा पथक १ ऑक्टोबरला पाठवू नये. एखाद्या साध्या मंगळवारी दोघे-तिघे विद्यार्थी, चालकांची आणि त्या वृद्धांची परवानगी घेऊन, संध्याकाळी सातनंतर जावेत. त्यांत एक सिंधी जाणणारा असावा. फोटो काढू नयेत. मागच्या खोलीत खुर्ची घेऊन बसावे आणि कुणी काही म्हणेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे; काही न म्हणणाऱ्यापाशीही तेवढाच वेळ बसावे. बोलीचा अभ्यास म्हणूनही ती वही उपयोगी पडेल, आणि आम्ही म्हणतो त्या नोंदणीसाठी पालिकेत अर्ज घेऊन जाण्याची वेळ आली तर तिथेही. आणि केळी नेऊ नयेत. एका मधुमेही आजींच्या उशाशी तीन संस्थांनी दिलेली केळी काळी पडलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांना ती खाता येत नव्हती, आणि उचलून न्या म्हणून त्या चार दिवस सांगत होत्या.